अनदर म्हणजे दुसरा

"अनदर म्हणजे दुसरा," तव्याकडं बघत आई पुटपुटली आणि तिनं भाकरी उलटली. "अदर म्हणजे दुसरा. दि अदर म्हणजे तो दुसरा. अगं वृषाली, मग तिन्ही एकच की!"

"एकच असते तर परीक्षेत विचारले असते का?" मी म्हणाले. "म्हण परत. अनदर."

"अनदर. अनदर. अनदर."

बाहेरच्या खोलीतून काठी आपटल्याचा आवाज आला. "कुणाचा अनादर झाला म्हणतीया ती?" तात्यांनी विचारलं.

आई इतकी हसली की भाकरी करपली. पदर तोंडाला लावून ती चुलीपुढं तशीच बसून राहिली आणि तात्या बाहेरून विचारत राहिले, "आरं, कुणी काय बोललं का तिला? सांगा की!"

तात्या म्हणजे माझे आजोबा, वडिलांचे वडील. बार्शीच्या कापडगिरणीत जन्मभर जॉबर, म्हणजे मुकादम, होते. मागांच्या आवाजानं कान मंदावलेले, पण नको तेवढं बरोबर ऐकू यायचं. माझे वडील, दत्तोबा, टेलिफोन खात्यात लाइनमन होते. मी आठ वर्षांची असताना ते काविळीनं गेले. त्यांच्या जागेवर आईला टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटरची नोकरी मिळाली. तेव्हापासून घरात आम्ही तिघंच होतो. आई, तात्या आणि मी.

ही गोष्ट एकोणनव्वद सालची. तेव्हा मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. परगावी फोन करायचा तर आधी ट्रंक कॉल बुक करावा लागे, आणि लाइनवर पहिला आवाज यायचा तो आईचा. कॉल तीन मिनिटांचा असायचा, आणि ती संपली की आणखी तीन हवीत का, हेही तीच विचारायची. व्यापारपेठेतल्या अडत्यांपासून डॉक्टरांपर्यंत सगळं गाव तो आवाज ओळखायचं. तिला इंग्रजीची मोजकी वाक्यं येत होती, पण ती अशी झोकात म्हणायची की पलीकडच्या माणसाला वाटावं, बाई कॉन्व्हेंटात शिकली आहे. त्या वाक्यांच्या बाहेर पाऊल टाकलं की मात्र तिची जीभ अडखळायची. सुपरवायझरच्या परीक्षेत इंग्रजीच्या पेपरात ती दोनदा नापास झाली होती. आता शेवटची संधी होती. पास झाली तर रात्रपाळी कायमची सुटणार होती. नाही झाली तर निवृत्त होईपर्यंत कानाला तो हेडफोन आणि रात्री-अपरात्री पायी घरी येणं. तात्यांना रात्री एकटं ठेवून जायचा तिच्या जिवाला घोर असायचा.

म्हणून मी आमच्या गुळवे सरांना विचारलं.

गुळवे सर आम्हाला कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. उंच, किडकिडीत, सायकलवरून येणारे. खडू खिशात ठेवायची सवय, त्यामुळं त्यांच्या प्रत्येक पँटचा उजवा खिसा पांढरा असायचा. बायको आठ-नऊ वर्षांपूर्वी वारली होती, मूलबाळ नव्हतं, जेवायला खानावळीत जायचे. मी भीत भीत विचारलं तर ते म्हणाले, "व्याकरण शिकायला कुणी आपणहून मागतंय? मी येतो. तुझ्या आईंना म्हणावं, फक्त चहा पाहिजे."

पहिल्या दिवशी आईनं घर असं आवरलं की जणू तपासणी होणार होती. सर तात्यांच्या खाटेसमोरच्या खुर्चीत बसले, आई जमिनीवर सतरंजीवर. सर लगेच उठले आणि तेही सतरंजीवर येऊन बसले. तात्यांनी ते पाहिलं.

"बोला, डिकोळेबाई," सर म्हणाले. "अडतंय कुठं?"

"अनदरशी," आई म्हणाली.

"वा! एकदम मुद्द्यालाच हात घातलात." सरांनी चहाचा कप उचलला. "आता समजा, तात्यांच्या कपात माशी पडली."

"माझ्याच का?" तात्या म्हणाले.

"बरं, माझ्या कपात पडली. मी म्हणालो, गिव्ह मी अनदर कप. म्हणजे काय? हा नको, याच्याऐवजी वेगळा द्या. खरं ना? आता समजा माशीबिशी काही नाही. चहा फक्कड झालाय, मी संपवला, आणि परत म्हणालो, गिव्ह मी अनदर कप. आता काय अर्थ झाला?"

"हा झाला, आता आणखी एक द्या," आई म्हणाली.

"बरोबर!"

"पण शब्द तोच?"

"तोच."

"मग ऐकणाऱ्यानं ओळखायचं कसं, बदली पाहिजे का वाढीव पाहिजे ते?"

"माणसाकडं बघून," सर म्हणाले. "शब्दाकडं बघून नाही कळत."

सरांना शब्द उकलून दाखवायचा भारी नाद. सांगू लागले, की अनदर हा मुळात जोडशब्द आहे. अॅन म्हणजे एक, अदर म्हणजे दुसरा. दोघं इतके दिवस शेजारी राहिले की शेवटी एकाच छपराखाली आले. "आणि गंमत ऐका. फार पूर्वी इंग्रजीत दुसऱ्या नंबरलाही अदरच म्हणत. सेकंड हा शब्द मागाहून फ्रेंचमधून आला. म्हणजे आपल्यासारखंच. आपल्यात दुसरा नंबर तोही दुसरा, आणि वेगळा असेल तोही दुसरा."

"म्हंजे त्यांचंबी आपल्यावानी गोंधळाचंच हाय की," तात्या खूश होऊन म्हणाले. ज्यांनी राज्य केलं ते असे गोंधळलेले होते, हे ऐकून त्यांना मोठंच समाधान झालं.

त्या दिवशी आईनं लिहून काढलेल्या वाक्यात अनदर हा शब्द चुकून असा तोडला होता, की 'अ' एकीकडं आणि 'नदर' एकीकडं. सरांनी ते पाहिलं आणि टाळीच वाजवली. "डिकोळेबाई, चार-पाचशे वर्षांपूर्वी खुद्द इंग्रजांनी ही चूक केलेली आहे! अगदी अशीच. जुन्या लिखाणात सापडते."

"मग मार्क देतील?" आईनं आशेनं विचारलं.

"नाही," सर म्हणाले, आणि दोघंही हसत सुटले.

सर आठवड्यातून दोनदा येऊ लागले. मी शेजारी माझा अभ्यास घेऊन बसायची आणि एक अक्षर वाचायची नाही. आई शंका काढायची आणि सर त्या शंकांवर खूश व्हायचे. एकदा ती म्हणाली, "सर, तुम्ही सांगता अनदरपुढं एकवचन येतं. अनदर कप, अनदर डे. मग आम्ही रोज लाइनवर म्हणतो ते काय? अनदर थ्री मिनिट्स. तीन मिनिटं म्हणजे अनेकवचन झालं की."

सरांनी चष्मा काढला. "हे मला एवढ्या वर्षांत एकाही विद्यार्थ्यानं विचारलेलं नाही." मग त्यांनी हवेत दोन्ही हातांनी गाठोडं बांधल्यासारखं केलं. "ती तीन मिनिटं सुटी सुटी नाहीत. गिऱ्हाईक ती एकदम मागतं. तीन मिनिटांची एक मोळी. आणखी एक मोळी द्या. म्हणून चालतं."

"मोळी," आई म्हणाली आणि हसली. "मी रोज मोळ्या विकते म्हणा की."

हळूहळू बाकीचंही बदलत गेलं. सरांनी तात्यांचा बिघडलेला रेडिओ उघडून दुरुस्त केला आणि नंतर तात्यांशी बातम्यांवरून वादही घातला. आई त्यांना जेवूनच जा म्हणू लागली. मग खानावळीचं जेवण बंदच झालं, रोज एक डबा माझ्या हातून कॉलेजात जाऊ लागला. डबा उघडून सर आधी वास घ्यायचे, हे मी स्टाफरूमच्या दारातून पाहिलं होतं. आणि एक गोष्ट माझ्या फार लवकर ध्यानात आली. सरांनी 'डिकोळेबाई' म्हणणं सोडलं होतं. त्या जागी दुसरं काही आलं नव्हतं. नुसतंच "तुम्ही". त्या "तुम्ही"च्या आधी ते किंचित थांबायचे, पायरी चुकल्यासारखे.

माझ्या मनात काय होतं? खरं सांगायचं तर मला हसू यायचं आणि धास्तीही वाटायची. वडिलांचा फोटो भिंतीवर होता, खांद्यावर तारेचं वेटोळं घेतलेला. मी त्याच्याकडं बघायची आणि मग आईकडं. भांडी घासताना आई गुणगुणत असायची. ती गुणगुणते हे मला एकोणीस वर्षांत माहीतच नव्हतं.

परीक्षा सोलापूरला झाली. निकालाच्या दिवशी एक्स्चेंजमधून कुणी धावत सांगायला येण्याआधीच आई आली. एरवी रिक्षाला हात न करणारी बाई रिक्षातून उतरली. "पास!" ती दारातूनच ओरडली. तात्यांना ऐकू गेलं नाही म्हणून पुन्हा ओरडली. गल्लीतल्या चार बायका बाहेर आल्या. तात्यांनी तिला जवळ बोलावलं, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही.

संध्याकाळी सर आले. पेढा खाल्ला. अभिनंदन केलं.  इतके दिवस त्या सतरंजीवर बोलणं संपायचं नाही, आणि आता सर पेढ्याच्या कागदाची घडी घालत बसले होते. घडीची घडी घालून झाली तेव्हा ते उठले.

"चला," ते म्हणाले. "माझं काम संपलं म्हणायचं."

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. सर चपला घालू लागले. एक पाय घातला, दुसरा घालेनात. मी आईकडं पाहिलं.  आणि एकाएकी ती बोलली, पण आमच्या घरातल्या आवाजात नाही. एक्स्चेंजच्या त्या खणखणीत, झोकदार आवाजात.

"थ्री मिनिट्स ओव्हर, सर. अनदर थ्री मिनिट्स?"

सर वळले. पाय अर्धा चपलेत, अर्धा बाहेर. त्यांच्या चेहऱ्यावर आधी काही उमटलंच नाही, आणि मग एवढं हसू आलं की मी मान खाली घातली.

"मोळी नको," ते म्हणाले. "लाइनच चालू राहू दे." आणि मग अगदी हळू, "लीला."

मला वाटलं, तात्यांना हे ऐकू गेलं नसेल. पण खाटेवरून काठी आपटली.

"मास्तर," तात्या म्हणाले. "हिकडं या."

सर चप्पल काढून आत आले आणि खाटेपाशी उभे राहिले. आई दाराची चौकट धरून होती. तात्यांनी भिंतीवरच्या फोटोकडं पाहिलं, मग सरांकडं.

"तुम्ही पहिल्या दिशी सांगितलं ते मी ऐकलं हाय. त्या शब्दाचे अर्थ दोन. येक, पहिला नगं, त्याच्या बदली हा. आन् दोन, पहिला हाय तसाच हाय, त्याच्यावर हा आणखी येक. बरुबर?"

"बरोबर, तात्या."

"मग तुम्ही ह्यातलं कंचं?"

 सरांना कॉलेजात मी कधी शब्द शोधताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं. त्यांचा हात नुसता खिशाशी चाळा करत होता, बोटं पांढरी झाली होती.

"तात्या," ते शेवटी म्हणाले, "दत्तोबांची जागा मला नको. ती रिकामी झालेलीच नाही, तर मी बसणार कुठं? माझ्याही घरात एक फोटो आहे. तो मी काढून ठेवणार नाही. तुमच्याकडं अंग चोरून बसण्याएवढी वेगळी जागा असली तर द्या."

"आन् म्हाताऱ्याचं काय करनार?"

"मामंजी, मी तुम्हाला सोडून कुठं जाणार नाही," आई घाईनं म्हणाली. "हे मी आधीच..." आणि थांबली. म्हणजे दोघांचं आधीच काहीतरी बोलणं झालं होतं तर! कधी, कुठं, ते मला आजतागायत कळलेलं नाही. माझा संशय एक्स्चेंजच्या लाइनवर आहे.

"तुम्ही असाल तिथं आम्ही," सर म्हणाले. "घर हेच."

तात्यांनी काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवला. "येक अट हाय माझी," ते म्हणाले. "सकाळी रेडिओ मी लावनार. तुम्ही मधी बोलायचं न्हाई."

"मान्य," सर म्हणाले, आणि वाकून त्यांनी तात्यांच्या पायांना हात लावला. तात्या त्यांच्या पाठीवर थापटत राहिले आणि फोटोकडं बघत राहिले. त्यांचे डोळे भरले होते, पण आवाज चांगला ठणठणीत होता. "वृषे, पेढं संपलं का? आण की आणखी."

सगळं इतक्या सहज पार पडलं असतं तर सांगायला काही उरलं नसतं. पण हौसाआत्या होती.

हौसाआत्या ही वडिलांची थोरली बहीण. आमच्याच गल्लीत दिलेली. वडील लहान असताना त्यांना हिनंच कडेवर वाढवलं, असं तात्या सांगायचे. वडील गेल्यावर सकाळ-संध्याकाळ ती आमच्या घरी एक फेरी मारायची, पीठ आहे का बघायची, माझ्या वेण्या घालायची. दुसऱ्या दिवशी तिच्या कानावर गेलं आणि ती आली. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही.

"हे खरं हाय का, तात्या?"

"खरं हाय."

"माझ्या भावाच्या घरात दुसरा गडी आणताय? त्याच्या फोटोखाली?"

"हौसे, आत ये. बस," तात्या म्हणाले.

"न्हाई बसत." तिनं आईकडं पाहिलं. "तुला नोकरी लागली ती बी त्याच्या जागेवर. विसरलीस?"

आईचं तोंड पांढरं पडलं. पण ती हळू आवाजात म्हणाली, "विसरले नाही, वन्सं. एक दिवस विसरले नाही. पण मी जिवंत आहे."

आत्या पाठ फिरवून निघून गेली. त्या दिवसापासून तिची फेरी बंद झाली. मी निरोप घेऊन गेले, तर दाराआडून म्हणाली, "घरात न्हाई मी." आतून बोलत होती तीच.

रजिस्टर लग्नाची नोटीस महिनाभर कचेरीच्या फळ्यावर लागली. ज्यांना वाचता येत होतं त्यांनी वाचली, ज्यांना येत नव्हतं त्यांनी वाचून घेतली. माझ्या मैत्रिणी कुजबुजल्या, कॉलेजात पोरांनी बाकावर काहीबाही लिहिलं. सरांनी ते वाचलं, त्यातली शुद्धलेखनाची चूक दुरुस्त केली आणि शिकवायला लागले. वर्ग टाळ्या वाजवून हसला, आणि त्यानंतर कुणी काही लिहिलं नाही. आई मात्र रोज संध्याकाळी थोडा वेळ दारात उभी राहायची, आत्याच्या घराच्या दिशेनं.  एकदा एवढंच म्हणाली, "वृषाली, त्या आल्या नाहीत तर मी नीट जेवू शकणार नाही गं त्या दिवशी."

तो दिवस उजाडला. आई कैरीच्या रंगाची साडी नेसली, साधीच. तात्यांनी धुतलेला फेटा बांधून घेतला आणि सकाळपासून रेडिओ लावलाच नाही. सर थेट कचेरीत भेटणार होते. मी आईच्या केसांत मोगरा माळत होते तेवढ्यात दारात सावली पडली.

हौसाआत्या उभी होती. डोक्यावरून पदर, घट्ट मिटलेले ओठ. आईकडं तिनं वरपासून खालपर्यंत पाहिलं. नजर येऊन थांबली ती आईच्या मनगटांवर. एका हातात घड्याळ, दुसरा मोकळा.

"चल," ती म्हणाली.

"कुठं, वन्सं?"

"चल म्हणते न्हवं." आणि तिनं आईचं मनगट धरून तिला बाहेर ओढलं. मी मागं पळाले. तात्या ओरडत राहिले, "आगं, कचेरीला उशीर व्हईल!"

आत्या भराभर चालत होती. कासार गल्लीत वळली तसं मला कळलं. दुकानात कासारीणबाई हिरव्या चुड्याचे पुडे सोडत होती. आत्यानं आईला पुढं बसवलं आणि स्वतः शेजारी बसली. मग कुणाकडं न बघता, समोरच्या बांगड्यांवर नजर ठेवून म्हणाली, "भाऊ गेला त्या दिशी सगळ्या बायका मागं सरल्या. कुणाचा हात धजंना. शेवटी मीच फोडल्या हिच्या बांगड्या. ह्या हातानं. अकरा वर्सं झाली, त्यो आवाज माझ्या कानातनं जात न्हाई." ती आईकडं वळली. "मला सोडव गं, लीले. माझ्या समोर भर."

आईनं तिच्या खांद्यावर डोकं टेकलं. दोघी तशाच बसल्या, आणि आत्या जुन्या सवयीनं आईचे केस सारखे करत राहिली.

पुडे सोडण्यात गुंतलेल्या कासारीणबाईच्या कानावर यातलं काही गेलं नाही. तिनं हिरवा चुडा निवडला आणि माझाच हात ओढला. "नवरीचा हात लई कोवळा हाय," ती म्हणाली.

मी हात मागं घेतला. आत्यानं डोळे पुसले आणि आईचा हात उचलून कासारीणबाईच्या मांडीवर ठेवला.

"ती न्हाई. ही नवरी."

कासारीणबाईनं आईच्या केसांतल्या पांढऱ्या बटा पाहिल्या, मोगरा पाहिला, मला पाहिलं. "ही तुमची कोण म्हनायची?"

"माझी भावजय."

"भावजय?" बाईचा हात थांबला. "आन् लगीन कुनासंगं?"

"कुनासंगं का असंना," आत्या म्हणाली, "भावजय माझीच हाय. तू भर बांगड्या. लीले, हात सैल सोड."